काजू फॅक्टरीत नवीन मॅनेजर झालात? पन्नाशीपुढची माणसं टिकवायची कशी, टप्प्याटप्प्याने

नुकतेच सुपरवायझर किंवा मॅनेजर झालेले, नाहीतर वडिलांचा कारखाना हातात घेतलेले जे कोणी आहेत, कुडाळ एमआयडीसीत असोत, वेंगुर्ल्याच्या काजू फॅक्टरीत, रत्नागिरीच्या मासळी प्रोसेसिंगमध्ये नाहीतर आंब्याच्या कॅनिंगला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी काजूच्या लायनीतला, फ्लोअरवर सुपरवायझर म्हणून लागलो आणि आता माणसांचं सगळं बघतो, त्यामुळे उदाहरणं काजूचीच जास्त येतील, तुमच्या धंद्याला कुठलं लागू पडतं ते तुम्ही बघून घ्या.

आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला माहितीच आहे, बारावी झाली की पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला, आणि कारखाना चालतो तो पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायकांवर आणि पुरुषांवर. यातली एक काकी घरी बसली की तिच्या जागी लगेच कोणी मिळत नाही, आणि मिळालं तरी तिच्या हातासारखा अख्खा गर काढायला नवीन मुलीला पूर्ण एक सीझन जातो. जाताना ती काय सांगते, "आता माका झेपणा नाय." आपण रजिस्टरला लिहितो "वयोमानामुळे". मी हे एवढ्या वेळा बघितलंय की आता ठामपणे सांगतो, त्या "झेपणा नाय"च्या मागे बहुतेक वेळा आपणच ठरवलेली एखादी गोष्ट असते, दर, स्टूल, शिफ्टची वेळ, नवीन साहेबांची बोलायची पद्धत. या गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणून खालचे टप्पे.

१. आधी तक्ता काढा

मस्टर, म्हणजे हजेरीपट घ्या आणि पंचेचाळीसच्या पुढच्या प्रत्येकाची एक ओळ करा. जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, सध्याचं काम, त्याआधी कुठलं काम करायचे, गाव, येण्याजाण्याचं साधन, आणि मागच्या वर्षभरात पगार किती कमीजास्त झाला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ज्याचा पगार सहा महिने हळूहळू उतरतोय तो माणूस सोडण्याच्या वाटेवर आहे असं समजा, तो तोंडाने काही बोलो न बोलो.

एक सावधगिरी, हा तक्ता तुमच्याकडेच ठेवा. फ्लोअरवर "साहेब म्हाताऱ्यांची यादी करतायत" अशी कुजबुज सुरू झाली की लोकांना वाटतं आता काढणार, आणि चांगली माणसं आपणहून दुसरीकडे बघायला लागतात.

२. ५८ चा घोळ समजून घ्या

हा घोळ मी जवळजवळ प्रत्येक छोट्या युनिटमध्ये बघितलाय. "५८ झाले, आता नियमाने घरी जावं लागेल" असं सांगून माणसं घरी पाठवतात. असा सगळ्यांना लागू होणारा नियम खासगी नोकरीत नाही. तुमच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कारखान्याच्या लेखी सेवा नियमांत), युनियनसोबतच्या करारात किंवा नेमणुकीच्या पत्रात जे वय लिहिलंय ते लागू होतं. ५८ हे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएसचं वय आहे.

५८ ला नक्की काय होतं ते नीट वाचा, कारण तुम्हाला हेच दहा वेळा समजावून सांगावं लागणार आहे. ईपीएसमध्ये पैसे जाणं थांबतं. पीएफ चालू राहतो, आणि मालकाच्या हिश्श्यातले जे पेन्शनकडे वळत होते तेही आता पीएफलाच जमा होतात. किमान १० वर्षांची सेवा झालेली असेल तर पेन्शन सुरू होते, आणि ती घेत घेत त्याच नोकरीत कामही करता येतं. ही एकच गोष्ट नीट सांगितली तर अर्धी माणसं राहतात, कारण त्यांना वाटत असतं की पेन्शन हवी तर नोकरी सोडायलाच हवी.

उलटा सापळा पन्नाशीचा आहे. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागते, आणि ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढी दर वर्षाला ४ टक्के कपात होते, ती कायमची. गावात कोणीतरी एजंट सांगतो "काकी, काढून घे पेन्शन", आणि बावन्नाव्या वर्षी बाई राजीनामा देते. तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन समोर बसा. हिशोब सोपा आहे, पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार १२,००० आणि सेवा १४ वर्षं असेल तर महिन्याला २,४००. ५८ नंतर पेन्शन न घेता ६० पर्यंत थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढतेसुद्धा.

आणि एक, आपल्याकडचे पुष्कळ लोक आधी मुंबईला नोकरी करून परत आलेले असतात. नोव्हेंबर १९९५ नंतरची तिकडची सेवा, पैसे काढले नसतील तर, इथल्या सेवेत धरता येते. माणसाला हे माहीत नसतं, जुना पीएफ नंबर ट्रंकेत कुठल्यातरी पिशवीत असतो. शोधायला लावा. सात वर्षं इथली आणि तीन तिकडची असा दहाचा आकडा जुळला तर तो माणूस तुम्हाला विसरणार नाही.

३. बोलायला बसा, पण ऑफिसात नको

ऑफिसात बोलावलं की माणूस घाबरतो. चहाच्या सुट्टीत, बाहेर झाडाखाली, एकेकाशी बोला. बायकांशी बोलायला शक्यतो बाईच असू द्या, गुडघे कंबर सोडून बाकी तक्रारी त्या पुरुष सुपरवायझरला सांगत नाहीत, पाळी जायच्या वयातला त्रास तर अजिबात नाही, आणि पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये नोकरी सोडणाऱ्यांत ते एक मोठं कारण आहे. पंखा आणि बाथरूमला जायची मोकळीक एवढ्यावर सुटणारी गोष्ट असते ती.

काय विचारायचं:

- सकाळी उठल्यावर कुठे दुखतं, आणि सुट्टीच्या दिवशीही दुखतं का? (सुट्टीत थांबत असेल तर दुखणं वयाचं कमी आणि तुमच्या कामाच्या जागेचं जास्त.)
- दिवसातल्या कुठल्या वेळेला काम नको वाटतं?
- घरात कोण आहे, कोणाचं करावं लागतं?
- कुठल्या एसटीने येता आणि घरी किती वाजता पोचता?
- इथली एक गोष्ट बदलायची झाली तर कुठली बदलाल?

आणि काय विचारायचं नाही, "अजून किती वर्षं करणार?" हे वाक्य कधीच नको. विचारणारा सहज विचारतो, ऐकणारा घरी जाऊन सांगतो की मालकाला आपण नको झालोय.

पहिल्या खेपेला उत्तर येईल "काय नाय, जमता". दुसऱ्यांदा बसा. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणेल "बसान बसान कंबर धरता ओ", तिथून खरं बोलणं सुरू होतं. जे सांगतील त्यातलं एक तरी काम आठवड्याच्या आत करून दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

४. बसायची जागा, उजेड आणि ओझं

इथे जरा सविस्तर लिहितो कारण खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो.

कटिंगला, म्हणजे बी फोडायच्या जागी बघा. पायाने दाबायच्या कटरवर दिवसभर एकच पाय चालतो, स्टूलची उंची सगळ्यांना एकच, पाठीला टेका नाही. चार उंचींची स्टुलं करून घ्या, गावातला सुतार करून देतो, मागे टेका आणि मोकळ्या पायाखाली लाकडी फळी. दर दोन तासांनी कटिंगवरच्या बाईला सोलायला किंवा ग्रेडिंगला (दाणे आकाराप्रमाणे निवडायला) फिरवा आणि तिकडची इकडे आणा, म्हणजे एकच सांधा दिवसभर घासत नाही. टरफलाच्या तेलाने हात भाजतात हे तरुणांनाही होतं, पण उतारवयात कातडी पातळ होते आणि जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे ग्लोव्हज फाटले की त्याच दिवशी नवीन द्या, महिन्याचा कोटा असली भानगड ठेवू नका.

सोलायला जमिनीवर मांडी घालून बसायची पद्धत अजून खूप ठिकाणी आहे. पन्नाशीच्या गुडघ्यांना ते नको. टेबल करा, ज्यांना खालीच बसायचंय त्यांना खाली बसू द्या, सक्ती दोन्हीकडून नको.

ग्रेडिंगचं तर मुद्दाम सांगतो. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३२० पर्यंत, हा फरक बायका नजरेने आणि बोटाने काढतात. आमच्याकडे एका काकींची ग्रेडिंग बिघडायला लागली, ३२० मध्ये २४० चे दाणे, काठ उडालेले तुकडे अख्ख्यात, आणि सगळे म्हणाले नजर गेली, आता झाडायला लावा. जाऊन बघितलं तर ट्यूब त्यांच्या पाठीमागे होती, पुढे वाकल्या की त्यांच्याच डोक्याची सावली बरोबर ताटावर. टेबल फिरवून उजेड डावीकडून घेतला, वर एक एलईडी लावली, पांढऱ्या ताटाच्या जागी गडद निळं ताट दिलं म्हणजे पांढरा दाणा उठून दिसतो, आणि जवळचं बघायचा चष्मा करून दिला. त्या अजून ग्रेडिंगलाच आहेत आणि त्यांचा माल परत येत नाही. साठीच्या डोळ्याला विशीच्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, हे डोळ्याचं साधं शास्त्र आहे, त्याला "काम जमत नाही" म्हणू नका. वर्षातून एकदा नेत्र तपासणी कारखान्यातच ठेवा, चष्म्याचे पैसे कारखान्याने भरा.

पोती अर्धी भरा, दोन खेपा होतील पण कंबर राहील. हातगाडी घ्या. मासळीच्या युनिटमध्ये ओली थंड फरशी हा मोठा त्रास, तिथे गमबूट नीट मापाचे, पायाखाली रबराची जाळी, आणि थंडीतून बाहेर येऊन बसायला कोरडी जागा.

मालकाला पटवायचं असेल तर त्याला बीएमडब्ल्यूचं उदाहरण सांगा. जर्मनीत डिंगोल्फिंगच्या कारखान्यात २००७ मध्ये त्यांनी एका लाइनवर मुद्दाम, दहा वर्षांनी कारखान्याचं जे सरासरी वय होणार होतं त्या वयाची माणसं ठेवली, ४२ माणसं, सरासरी वय ४७. त्या माणसांनाच विचारून सत्तरएक छोटे बदल केले, लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, मोठी अक्षरं, भिंगं, कामं फिरवणं. सगळा खर्च ४०,००० युरोच्या आसपास, आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्के वाढली. एवढ्या मोठ्या कंपनीने केलेले बदल बघा, खुर्ची, फरशी, भिंग, यातलं काय आपल्याला परवडत नाही?

५. दर. माणसं इथेच जातात

किलोवर पैसे दिले की हात हळू झाला की पगार उतरतो, सरळ आहे. पण काजूत नुसत्या किलोला किंमत नाही, अख्ख्या गराला आणि तुकड्याला बाजारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या बघण्यात तरी जुन्या हाताचा तुकडा कमी निघतो. मग दर नुसत्या वजनावर का ठेवता? किलोचा दर थोडा खाली आणि अख्ख्याच्या टक्क्यावर बोनस असा दर लावून बघा, महिनाभर दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांडा. वयस्कर बायकांचा पगार सावरतो, तरुण मुली पण हात सांभाळून चालवायला लागतात, आणि मालकाचा माल सुधारतो. किलोवर काम असलं तरी दिवसाचं किमान वेतन पडलंच पाहिजे हे कायद्याने आहे, ते वेगळं सांगायला नको.

नवीन मुलीला शिकवायचं काम आपण काकींकडेच देतो ना, मग त्या वेळेचे पैसे द्या. शिकवताना त्यांचा स्वतःचा माल कमी निघतो, म्हणजे शिकवण्याचा दंड त्यांनाच बसतो. शिकवायच्या दिवसांना आधीच्या महिन्याची सरासरी लावा.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना ठाऊक असते आणि जिच्यामुळे माझा जीव तुटतो. "काकी, तुम्ही आता हलकं काम घ्या" म्हणून प्रेमाने झाडलोटीला किंवा पॅकिंगला घालतात आणि पगार कमी करतात. किलोवर काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमाईवर काढतात. ईपीएसची पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगारावर निघते. म्हणजे वीस वर्षं घाम गाळून शेवटी हलक्या कामाच्या पगारावर सगळा हिशोब होणार. काम हलकं जरूर करा, पगार तोच ठेवा. ते जमत नसेल तर निदान आधी कागदावर मांडून दाखवा की याने किती नुकसान होईल, मग त्यांनाच ठरवू द्या. आणि कोणी सोडत असेल तर तारीख बघून घ्या, पावसातले मंदीचे तीन महिने शेवटचे ठरले तर ग्रॅच्युइटी पडते, सीझनच्या शेवटाला सोडलं तर चांगली बसते.

६. वेळ, एसटी, सुट्ट्या

शिफ्ट एसटीच्या वेळेला बांधा. साडेपाचला सुटणारी गाडी असेल आणि तुमची शिफ्ट साडेपाचला सुटत असेल तर पुढची गाडी सातची, घरी आठ, त्यात पाऊस. तरुण मुलगी कोणाच्या तरी बाइकवर जाते, काकी स्टँडवर बसते. पंधरा मिनिटं आधी सोडून पंधरा मिनिटं आधी सुरू करा, खर्च शून्य. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ च्या वरच्यांनाही अर्धं, ७५ च्या वर फुकट, तेव्हा भाड्यापेक्षा वेळेचाच प्रश्न मोठा.

सुट्ट्यांचं वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. लावणी, गणपती, भातकापणी, शिमगा. वयस्कर माणूस घरचा कर्ता असतो, पालखीत त्याचा मान असतो, लावणीला घरात दुसरं कोणी नसतं. "सगळ्यांना एकदम सुट्टी कशी देऊ" म्हणून नाही म्हटलं तर तो परवानगी न घेता जातो, परत आल्यावर तुम्ही बोलता, आणि तो म्हणतो जाऊ दे ती नोकरी. वाडीवाडीप्रमाणे पाळ्या लावा, लावणी सगळीकडे एकाच दिवशी होत नाही. ज्यांना पूर्ण दिवस नको त्यांना अर्धा दिवस द्या, दोघींत मिळून एक जागा चालवायला सांगा, जमतं.

हजेरीचं मशीन. काजूच्या तेलाने वर्षानुवर्षं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. एका ठिकाणी सकाळी बघितलं, बाई बोट पदराला पुसते, लावते, लाल दिवा, पुन्हा पुसते, दुसरं बोट, मागे रांग, "माझो अंगठो घेणा नाय मशीन", आणि महिन्याच्या शेवटी तिचे तीन अर्धे दिवस कापलेले. चेहऱ्याचं मशीन घ्या किंवा अशा लोकांसाठी सही रजिस्टर ठेवा. आजच करा हे.

७. तब्येत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात चाळिशीच्या वरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. बीपी, शुगर, डोळे, हिमोग्लोबिन एवढं तरी होऊ द्या. रिपोर्ट माणसाच्या हातात द्या, फ्लोअरवर चर्चा नको. शुगर निघाली म्हणून काम काढून घेतलं असं एकदा जरी झालं तर पुढच्या वर्षी तपासणीला कोणी येणार नाही. शुगर असणाऱ्याला जेवणाची सुट्टी वेळेवर लागते, एवढं सांभाळा.

८. नवीन मशीन आलं की

ऑटोमॅटिक कटर आला की ट्रेनिंगला पोरांना पाठवतात, "काकींना काय जमणार". मग काकी बाजूला पडतात आणि दोन महिन्यांत घरी. मी सांगतो, आधी जुन्या लोकांना शिकवा. बी कशी फुटते, कुठे तुकडा होतो, उकडताना कमीजास्त झालं तर हाताला कसं लागतं, हे त्यांना माहीत असतं, मशीनचं सेटिंग चुकलंय हे त्या आवाजावरून सांगतात. फक्त शिकवायची पद्धत बदला, बटणांवर मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा, एकदा सांगून पुढे जाऊ नका, हाताने करू द्या, दोघी दोघींना एकत्र शिकवा. आणि पंचवीस वर्षांचा सुपरवायझर असेल तर त्याला बजावून ठेवा, काकी, मावशी, तात्या, दादा असंच बोलायचं, चारचौघांत ओरडायचं नाही. अरेतुरे ऐकून गेलेली माणसं पगारवाढीने परत येत नाहीत.

९. कागद वेळेवर सरळ करून घ्या

हे काम ५० लाच सुरू करा, ५७ ला नको. प्रत्येकाकडून हे मागवून फाइल करा:

- शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला
- आधार, पॅन, बँक पासबुकचं पहिलं पान
- यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) आणि जुन्या नोकरीचा पीएफ नंबर असेल तर तो
- लग्नाचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र
- ई-नॉमिनेशन केल्याचा प्रिंट
- नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा

अडतं कुठे ते सांगतो. बायकांचं दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पीएफला कोणीतरी तिसरंच स्पेलिंग टाकलेलं. जन्मतारीख आधारला अंदाजे १ जानेवारी किंवा १ जून. जानेवारी २०२४ पासून पीएफ ऑफिस आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून घेत नाही, त्यामुळे दाखला लागतोच, आणि तो ज्या शाळेचा आहे ती कधीकधी बंद पडलेली असते, मग पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चकरा. दुरुस्तीचा संयुक्त अर्ज बहुतेक जुन्या लोकांच्या बाबतीत मालक आणि कामगार दोघांनी मिळून करायचा असतो, म्हणजे तुमच्याशिवाय तो होत नाही. नॉमिनी बघा, लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि आई वारलेली.

१०. तरीही जायचंच असेल तर

काहींना खरंच थांबायचं असतं, नातवंडं, बाग, आजारपण. त्यांना नीट सोडा, कारण मागे राहिलेले सगळे बघत असतात की याला कसं पाठवलं.

ग्रॅच्युइटी, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू, ५ वर्षं सलग सेवा. महिना पगारवाल्याचा हिशोब शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. १३,००० पगार आणि १८ वर्षं म्हणजे १,३५,०००. तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याज. कॅनिंगसारख्या हंगामी कारखान्यात, वर्षभर काम नसलेल्यांना दर सीझनला ७ दिवसांच्या पगाराप्रमाणे. पाच वर्षं भरायच्या आत "ब्रेक" देऊन परत घ्यायचं, नाहीतर जुन्या माणसाला ठेकेदाराच्या नावावर टाकायचं, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तुम्हाला कोणी असं करायला सांगितलं तर करू नका, माणसाच्या म्हातारपणाचा पैसा आहे तो.

पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, १० वर्षं भरली नसतील तर १०-सी. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, त्यात बोटं उमटत नसतील तर मोबाइलवर चेहऱ्यानेही देता येतो, हे त्यांच्या मुलाला किंवा सुनेला एकदा करून दाखवा. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल आणि ५ वर्षं विमा झाला असेल तर निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू राहतात, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही, तुम्ही सांगा.

आणि फोन नंबर घेऊन ठेवा. फेब्रुवारीत बी यायला लागायच्या आधी, जानेवारीतच फोन करा, "मावशी, यंदा दोन महिने ग्रेडिंगला येशात काय, सकाळचे चार तास, नवीन मुली शिकवूक?" पुष्कळ जणी येतात. आल्या की पहिल्याच दिवशी मस्टरवर नाव घाला, दर आणि तास कागदावर लिहून द्या. तोंडी ठेवू नका, कारण हाताला काही लागलं किंवा वाटेत पडल्या तर मस्टरवर नाव नसलेल्या माणसाला आपण इथे कामाला होतो हे सिद्ध करणंच जड जातं.